विमानातली फिल्म

४ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राची सुरुवात आशीर्वादाने करावी असं आपल्याला शाळेत शिकवलं होतं. हात वळत नाही. शेवटपर्यंत वळला तर शेवटी देईन.

तुझा डबा पोचला. पोस्टमनने तो काउंटरवर आदळला आणि विचारलं, "आजोबा, ह्यात गाडीचं चाक आहे का?" मी म्हटलं, "आभाळ आहे." त्याने सही घेतली आणि जिना उतरताना दोनदा वळून माझ्याकडे पाहिलं.

पण खोटं नव्हतं ते. विमानाच्या पोटातल्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली फिल्म! वीतभर रुंद आणि उलगडली तर इथून चौकापर्यंत जाईल इतकी लांब. नकाशे करायला तू उडत होतास तेव्हा अशाच गुंडाळ्यांनी नद्या पाहिल्या, धरणं पाहिली, एकेक शहर एका दमात गिळलं. आणि आता त्यांतली उरलीसुरली एक माझ्या दुकानात येऊन पडली, जिथून समोरच्या शिंप्याची पाटीसुद्धा अर्धीच दिसते.

मी डबा उचलून बघतोय तोच आतून तुझ्या वहिनीचा आवाज आला, "आला वाटतं डबा! भावजी म्हणालेच होते, ह्याच आठवड्यात येईल म्हणून."

म्हणजे फोन झाला होता. मी विचारलं, "कधी बोललीस?" तर म्हणते, "तुम्ही दाढी करत होतात तेव्हा." मी रोज दाढी करतो रे.

तिने तुला काय काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, म्हणून मीही सांगतो. मार्चअखेर दुकान सोडायचं आहे. इमारत विकली गेली. नवे मालक सभ्य आहेत; "सावकाश आवरा" म्हणतात आणि येता-जाता टेप घेऊन भिंती मोजतात. बाबांचा मोठा कॅमेरा चित्रकलेच्या शाळेला द्यायचं ठरलं आहे. तिथे तो काचेच्या कपाटात बसेल. त्याच्या भात्याची घडी उलगडताना येणारा तो कातड्याचा आणि जुन्या पावसाळ्यांचा वास कोणाला येणार नाही.

हे ठरलं त्या संध्याकाळी तुझी वहिनी म्हणाली, "कॅमेरा जायच्या आत माझा एक फोटो काढून द्या. मोठ्यावर."

मला इतका आनंद झाला की मी लगेच लेन्स पुसायला घेतली. तू दूर गेलास म्हणून तुला माहीत नाही. मी तिचे फोटो काढायचा कधी कंटाळा केला नाही. ती प्रत्येक फोटो हातात घेते, "छान आहे" म्हणते आणि ड्रॉवरमध्ये पालथा घालते. का, तर "ही मी वाटत नाही." बाकी काही तक्रार नाही. साऱ्या गावाला भिंतीवर चढवणाऱ्या माणसाच्या घरात बायकोचा एकही फोटो भिंतीवर नाही, हे गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं की मी विषय बदलतो.

तर मी लेन्स पुसतोय, आणि ती पुढे म्हणते कशी, "पण मला आवडेल असा हं. भावजींनी काढला होता तसा."

तसा.

तो तुझा फोटो अजून तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. एवढ्या वर्षांत मी त्या कपाटातून माझा रुमालदेखील स्वतः काढलेला नाही. "अगं, रुमाल दे" असं म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो.

आमच्या कॅमेऱ्याच्या मापाची सुटी फिल्म आता कुठे मिळत नाही, हे मी फक्त घरात बोललो होतो. ते तुझ्यापर्यंत पोचलं आणि तू हे आभाळ पाठवून दिलंस. म्हणजे निदान शेवटचा फोटो तरी माझा म्हणावा, तर फिल्म तुझी!

स्पष्टच लिहितो. हा फोटो मला भिंतीवर लागलेला बघायचा आहे. मी काढलेला. कपाटातला काढून टाक असं मी तिला म्हणणार नाही. तिला आपणहून वाटलं तर मात्र अडवणारही नाही.

जाताना तू माझं, कॅमेऱ्याच्या काचेवर चित्राची धार (फोकस) बघायचं भिंग घेऊन गेलास, आणि त्यावरून आपलं बोलणं थांबलं, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. फिल्म पाठवून ते फिटत नाही.

दादा


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

डब्यातला तुझा सूचनांचा कागद वाचला. अक्षर अजून तसंच, उडायला निघालेलं.

तुझं म्हणणं मान्य करून सगळं केलं, हे आधी सांगतो. नाहीतर वहिनी तुला कळवेलच.

नेहमीच्या सुट्या फिल्मच्या कोपऱ्याला खाच असते. अंधारात अंगठा फिरवला की खाच लागते, आणि कळतं की चंदेरी मसाला लावलेली बाजू कोणती. ती बाजू लेन्सकडे ठेवायची, की झालं. बाबांनी मला हे डोळ्यांना रुमाल बांधून शिकवलं, तुलाही शिकवलं. तू रुमालाखालून बघायचास. तुझ्या ह्या गुंडाळीला मात्र खाचबिच काही नाही. विमानात ती यंत्रच भरणार, त्याला अंगठा कुठला! म्हणून तू लिहितोस: "दादा, फिल्मचा कोपरा ओल्या ओठांत धर. चिकटेल ती मसाल्याची बाजू."

दार लावून, फटींना काळं कापड खोचून बसलो. कागद कापायच्या पातीच्या फळीला दोन खिळे ठोकून माप धरलं होतं. गुंडाळीचं टोक सोडलं तर ती फिस्कारून अशी उसळली की माझ्या हाताला वेटोळं घालून बसली. इतक्या वर्षांची गुंडाळी, तिला सपाट होणं कसं आठवणार! एकेक तुकडा कापला, ओठांत धरला, पेटीत ठेवला. दाराबाहेरून वहिनीने विचारलं, "जमतंय का?" ओठांत फिल्म असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. ती म्हणाली, "रुसलात वाटतं."

तुझी फिल्म रुंदीला अर्धा इंच कमी भरते, कॅमेऱ्यात घालायच्या होल्डरमध्ये सरकते. तिथे पुठ्ठ्याची पट्टी लावली. आणि पातळ तरी किती! आपल्या फिल्मशेजारी धरली तर ती सतरंजी आणि ही ओढणी. होल्डरमध्ये मधोमध पोट काढते.

पहिला बळी शिंपी. त्याला दुकानाच्या दारात बसवला. चेहरा नेमका आला, कान मात्र धुक्यात गेला, कारण फिल्म तिथे फुगली होती. पण चेहरा काय आला म्हणून सांगू! तू लिहिलं होतंस की ह्या फिल्मला तांबडा रंग फार दिसतो, तांबडं ते उजळ येतं. शिंप्याचं नाक तुला आठवत असेल. ते नाक, ते गाल, सगळं दुधासारखं स्वच्छ! फोटो बघून तो गप्प झाला. मग म्हणाला, "मालक, जन्मात पहिल्यांदा मी निर्व्यसनी दिसतोय. हा माझ्या सासऱ्यांना पाठवायला हवा होता." आणि सासरे वारल्याचं आठवून पुन्हा गप्प झाला.

दुसरा फोटो गच्चीवरून काढला. दुपारची वेळ, डोंगर धुरक्यात बुडालेले. माझ्या डोळ्यांना नुसती राखाडी रेघ दिसत होती. निगेटिव्हवर मात्र डोंगराची घळन् घळ, झाडन् झाड. धुरकं तुझ्या फिल्मने असं बाजूला सारलं होतं की जणू कोणी दाराचा पडदा सरकवावा. मी किती वेळ तिथेच बसून राहिलो. वाटलं, हे तू रोज बघत होतास. मी इथे खाली लोकांच्या हनुवट्या बोटाने वर करत होतो आणि तू हे बघत होतास.

शाळेत आपल्याला पाखराची आणि गोगलगायीची कविता होती, आठवते? मास्तरांनी ती दोघांकडून संवादासारखी म्हणवून घेतली. तुला पाखरू दिलं, मला गोगलगाय. तू तुझं शेवटचं कडवं विसरलास आणि नुसते हात हलवत वर्गभर उडालास, तरी टाळ्या तुलाच. माझी कडवी जास्त होती, सगळी पाठ होती, आजही आहेत. परवा डब्याच्या झाकणावर मी दोन ओळी लिहिल्या. माझ्याच आहेत, हसू नकोस:

वरून दिसती साऱ्या वाटा, अंगण हरवे कुठे;
ज्याच्या पायां धूळ लागते त्यालाच दार भेटे.

वहिनीला वाचून दाखवल्या. ती शिंप्याचा फोटो बघत होती. म्हणाली, "छान आहेत." मग म्हणाली, "बघा, भावजींनी सांगितलं तसं केलंत म्हणून किती सुरेख आलं!"

सगळा अंधार मी सोसला, बोटाला पात मला लागली. आणि सुरेख आलं ते तुझ्या सांगण्यामुळे.

दादा

ता.क. भिंगाबद्दल तू काही लिहिलं नाहीस.


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

आज तुझ्या वहिनीचा फोटो काढला. हे पत्र छोटं आहे, कारण आज मी खूश आहे आणि खूश माणसाने लांबण लावू नये.

एक गोष्ट मुद्दाम कळवतो. तुझ्या ओठांच्या युक्तीची गरज पडली नाही. आयुष्यभर अंधारात फिल्म भरली आहे मी. दुधाचे दात पडलेल्या पोरासारखं फिल्म चोखत बसणं मला शोभत नाही. आणि तुझी फिल्म पोट काढते त्यावरही माझाच उपाय शोधला. कापलेले तुकडे उलट्या दिशेने गुंडाळले, नळीत घालून आठवडाभर तसेच ठेवले. वेटोळं उतरलं. आता ती होल्डरमध्ये शहाण्या मुलासारखी बसते. हे तुझ्या कागदात नव्हतं!

फिल्म भरताना बोटांना ती किंचित वळलेली लागली. फिल्म नेहमी मसाल्याच्या बाजूला वळते. तेवढ्यावरून ओळखली, भरली, मोकळा झालो.

दुकानाच्या दाराजवळ हात धुवायच्या जागेवर तो छोटा आरसा आहे ना, त्यात वहिनी कितीतरी वेळ बघत होती. केस नीट करण्यासारखं काही नव्हतं, नीटच होते. मी म्हटलं, "चल, उजेड सरकतोय."

"बसते. पण मान वाकडी करायला लावू नका."

"हनुवटी जरा..."

"हनुवटीला हात लावायचा नाही. मी काय गिऱ्हाईक आहे?"

मी काळ्या कापडाखाली शिरलो. दुधी काचेवर ती उलटी, खाली डोकं वर पाय. इतकी वर्षं तिला तशी बघतोय. मला तीच सवय. तिची डावी भुवई जरा वर असते, नेहमीच, जणू आत्ता काही विचारणार आहे. ती भुवई मी नेमकी धारेवर आणली. भिंगाशिवाय. (वाचतोयस ना?)

"हसू का?" तिने विचारलं.

"तुला वाटलं तर."

"भावजींच्या वेळी मी हसले नव्हते."

मी शटरचा रबरी फुगा दाबला. उद्या धुतो.

कपाटाच्या दारावर जागा किती आणि भिंतीवर किती, ते ज्याचं त्याने बघावं.

दादा


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र फाडून पुन्हा लिहितोय. पहिल्यात मी खोटं लिहिलं होतं.

निगेटिव्ह धुतली तेव्हाच ती फिकी वाटली. उजेड कमी पडला म्हणालो, मनाची समजूत घातली. वाळल्यावर रीतीप्रमाणे मसाल्याची, चमक नसलेली बाजू कागदाला लावून छापली. तांबड्या दिव्याखाली ट्रे हलवत उभा होतो. आधी केस आले, मग कपाळ. मग भुवई आली.

भुवई भलत्या बाजूला आली.

समजायला वेळ लागला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना हसत आलो त्या चुकीबद्दल. फिल्म पाठमोरी भरली होती! मसाला मागे, पाठ लेन्सकडे, सगळा उजेड पाठीतून गाळून आत गेलेला. म्हणून फिकी, म्हणून जराशी मऊ, म्हणून उलटी. डावीकडचं उजवीकडे. मीच तिला उलटी गुंडाळून सरळ केली होती, तेव्हा तिचं वळणही उलटं झालं. आणि मी त्या वळणावर विसंबलो. तुझ्या ओठांवर विसंबायचं नव्हतं ना मला.

निगेटिव्ह पालथी करून छापली तर फोटो सुलटा येतो, हे तुला सांगायला नको. तेच करायचं ठरवलं. हा कागद फाडायचा, दुसरा छापायचा, कोणाला कळायचं नाही. कागद सवयीने पक्का करून पाण्यात टाकला होता; तो उचलायला मी ट्रेमध्ये हात घातला, तेवढ्यात दार वाजलं आणि वहिनी चहा घेऊन आत आली. मी म्हटलं, "थांब, अजून व्हायचाय." पण तिने वाकून पाहिलं.

धाकट्या, चहाचा कप तिच्या हातात तसाच. मी मनातल्या मनात "छान आहे" ऐकायची तयारी करत होतो.

"ही मी आहे," ती म्हणाली.

मग म्हणाली, "कोणी काढला?"

"कोणी म्हणजे? मी!"

"तुम्ही?"

ह्या "तुम्ही" ला काय म्हणावं? चाळीस-बेचाळीस वर्षं मी तिच्या कौतुकासाठी फोटो काढत होतो, आणि आलं तेव्हा ते असं आलं की हसावं की रडावं कळेना.

तिने तो ओला कागद माझ्या हातातून घेतला, बाहेर नेला आणि दाराजवळच्या आरशाशेजारी खिळ्याला चिमट्याने लटकवला. पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं. ती एकदा आरशात बघे, एकदा फोटोत. गालांवरचे तांबडे डाग तुझ्या फिल्मने पुसले होते, पण तिचं त्याकडे लक्ष नव्हतं. ती भुवई बघत होती. आरशात भुवई ज्या बाजूला, फोटोतही त्याच बाजूला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस स्वतःला जन्मभर आरशातच बघतो. मी तिला दाखवत आलो ती मला दिसणारी बायको. ती तिने कधी पाहिलेलीच नव्हती. ती बरोबर म्हणत होती, "ही मी वाटत नाही." मला वाटायचं, ती माझ्या हाताला नावं ठेवतेय.

मी घरात गेलो. कपाट उघडलं. स्वतः, माझ्या हाताने.

तुझ्या फोटोत ती तेवीस-चोवीसची आहे. मला तो फोटो पाठ आहे असं मी समजत होतो. उजेड तू कुठून घेतलास, कडा कुठे कापलीस, खांद्यापाशी धार कशी गेलीये, सगळं पाठ. पण भुवई! भुवई भलत्या बाजूला आहे, धाकट्या. तो फोटोही उलटा आहे, आणि मला ते कधी दिसलं नाही. त्या फोटोत मी तिला पाहिलंच नव्हतं. मी तुलाच बघत होतो.

आता एका प्रश्नाचं उत्तर दे, आणि उलट टपाली दे. ती चूक होती की तू मुद्दाम उलटा छापलास?

चूक असेल तर आपण दोघे एकाच बापाचे गाढव, माझं काही म्हणणं नाही. तुझा फोटो तिला आवडला तो तुझ्यामुळे नव्हे, चुकीमुळे. आणि तीच चूक मीही केली, तुझ्याइतकीच झकास. पण मुद्दाम असेल, तर मला हे सांग: माझ्या बायकोला आरशातली ती हवी आहे, हे तुला कसं कळलं? मी तिच्याबरोबर एका घरात राहत होतो.

दोन दिवस जेवण गोड लागत नाहीये. लवकर लिही.

दादा


११ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर आलं. एवढा मोठा लिफाफा आणि आत तीन शब्द: "दादा, वहिनीला विचार."

लहानपणीही तू असाच. काही फुटलं की "आईला विचार."

तो कागद खिशात घालून मी दिवसभर फिरलो. दुकान आवरत होतो. जुनी निगेटिव्ह खोक्यांत भरायची, खोक्यांवर सालं लिहायची. वहिनी जमिनीवर बसून सुतळी बांधत होती. शेवटी विचारलं.

"तो कपाटातला फोटो उलटा आहे."

"हो," ती म्हणाली. सुतळीची गाठ मारली. "कात्री द्या."

"तुला माहीत होतं?"

"मीच उलटा केला."

मी कात्री हातात धरून उभा. ती सांगू लागली, जणू कोणी पत्ता विचारला आणि तिने सांगितला. तू जायच्या आधीचे ते दिवस. तू डार्करूममध्ये छापत होतास, ती कागद धुवायला मदत करत होती. तू पहिला सुलटा छापलास. ती म्हणाली, ही मी वाटत नाही. तू म्हणालास, मग कोण वाटतेस? ती म्हणाली, आरशात असते ती हवी. आणि निगेटिव्ह तिने स्वतःच्या बोटांनी पालथी घातली.

"भावजी नकोच म्हणत होते," ती म्हणाली. "दादा ओरडेल, म्हणाले. असला उलटा फोटो त्याच्या डार्करूममधून गेला तर माझी खैर नाही."

"मग?"

"मी म्हटलं, ते बघणारच नाहीत."

"का नाही बघणार?"

तिने मान वर केली. ती भुवई. "बघितलात?"

समोरून शिंप्याच्या मशीनचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस? मी छापून दिला असता. दहा दिले असते."

"तुम्ही आधी मला समजावलं असतं. आरसा कसा खोटा आणि लेन्स कशी खरी. फळ्यावर काढून. मग छापून दिला असता." ती हसली. "तोवर माझं मन उडालं असतं. कात्री द्या ना!"

दिली.

धाकट्या, हेवा गेला असं लिहिलं की पत्र छान दिसेल. पण गेला नाही. जागा बदलली त्याने. फोटोचा हेवा आता वाटत नाही. त्या अंधाऱ्या खोलीत तिने आपल्या मनातलं एक वाक्य सहज बोलून टाकलं आणि ते ऐकायला तू होतास, मी नव्हतो, ह्याचा वाटतो. खोली माझी, ट्रे माझे, दिवा माझा. तू फक्त उभा होतास आणि "मग कोण वाटतेस?" असं विचारलंस. पाखरू आपलं कडवं विसरलं तरी टाळ्या त्यालाच, ते असं.

पण परवा एक झालं. सकाळी ती आरशासमोर उभी होती, मी मागून गेलो. आरशात आम्ही दोघे. ती म्हणाली, "अहो, तुम्ही आरशात अगदी वेगळे दिसता. नाक दुसरीकडेच वळतं." मी विचारलं, "मग कोणता बरा?" ती माझ्याकडे वळली, नीट पाहिलं, म्हणाली, "हा. हाच पाठ आहे मला." मी दुकानात जाऊन उगाच दोन खोकी पुन्हा बांधली.

तिचा नवा फोटो भिंतीवर लागला. मी काढलेला, चुकलेला, पाठमोऱ्या फिल्मवरचा. कपाटातला तिने काढला नाही. मीही बोललो नाही. रुमाल मात्र आता मी स्वतः घेतो.

आता कामाचं. कॅमेरा न्यायला शाळेची गाडी महिनाअखेरीस येईल. तुझ्या फिल्मचे काही कापलेले तुकडे उरले आहेत. वहिनीचं म्हणणं, त्याआधी तू यावंस आणि तिघांचा एक फोटो व्हावा. मी "बघू" म्हणालो. ती म्हणाली, "बघू नका, लिहा." म्हणून लिहितोय.

ये. फिल्म तू भर, तुझ्या ओठांनी तपासून भर, मी दाराबाहेर उभा राहीन आणि "जमतंय का?" असं विचारणार नाही. काचेवर धार मी आणीन. फुगा वहिनीच्या हातात राहील. त्याची नळी लांब आहे, ती बसल्या जागी दाबेल. कधी दाबायचा ते तिचं ती ठरवेल, आपल्या दोघांना विचारून नव्हे. भिंग आणू नकोस. ते इथेच आहे. ड्रॉवर खेचून काढले तेव्हा मिळालं. कुठे होतं, किती वर्षं होतं, असले प्रश्न दारातच ठेवून आत यायचं.

आणि आशीर्वाद घे. पहिल्या पत्रापासून राहिला होता.

दोन प्रती छापेन. एक उलटी, तुझ्या वहिनीसाठी. एक सुलटी, तुझ्यासाठी, तू आम्हाला जसे बघतोस तशी. कोणी कुठे बसायचं ते मी आत्ताच ठरवून ठेवलं आहे, त्यात बदल होणार नाही. ह्या टोकाला तू, त्या टोकाला ती. मग फोटो उलटा छापा की सुलटा, भिंतीवर लावा की कपाटात, मधे मीच येतो. कागदावर काढून बघ.

तुझा,
दादा